फक्त टाळ्यांना परवानगी

मित्सुयो शिमोदातेने ओळख लपवण्यासाठी काय काय केलं ते आधी सांगायला हवं. नवऱ्याची बोटीवरची जुनी टोपी तिने भुवयांपर्यंत ओढली. मास्क काय, त्या वर्षी सगळ्यांच्याच तोंडावर होता. त्यावर तिने वाचायचा चष्मा चढवला, आणि त्यातून चार हातांपलीकडचं काही धड दिसत नव्हतं. रोजचा निळा कोट खुंटीवर ठेवून बहिणीने दिलेला आणि सहा वर्षांत एकदाही न घातलेला तपकिरी कोट बाहेर काढला. गाडी क्रीडागृहाच्या आवारात न लावता पार औषधाच्या दुकानामागे नेऊन लावली. एवढा सगळा खटाटोप करून ती दाराशी आली, तिथल्या बाईने कपाळाला यंत्र लावून ताप मोजला, हातात एक छापील चिठ्ठी दिली, आणि मित्सुयोने त्यावर आपलं खरं नाव, खरा पत्ता आणि खरा फोन नंबर सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहून दिला. वर खुर्चीचा नंबरही लिहिला, पाचवी रांग, चौदा.

चिठ्ठी पेटीत पडली आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. छापील रकाना दिसला की तो खरा भरायचा, ही खोड आमच्या हाचिनोहे गावातल्या माणसांच्या हाडातच आहे, त्याला ती तरी काय करणार. कुणाला संसर्ग झालाच तर शेजारी कोण बसलं होतं ते कळावं म्हणून त्या चिठ्ठ्या होत्या. पण मित्सुयोच्या दृष्टीने तो कबुलीजबाबच होता, आणि तो तिने आपल्या हाताने लिहून दिला होता.

कारण टेकडीवरच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती आणि तिथे रोज सकाळी एक तक्ता भरावा लागे. ताप किती, खोकला आहे का, आणि शेवटी, प्रांताबाहेरून आलेल्या कुणाच्या संपर्कात आलात का. तिथे 'हो' लिहिलं की चौदा दिवस घरी. व्यवस्थापक नारुमीबाईंनी वर तोंडीही बजावलं होतं की आपल्याकडे नव्वदीतली माणसं आहेत, तेव्हा नातेवाईक असोत की देव असोत, टोकियोचं कुणी आलं तर लांब राहायचं. टोकियोच्या नंबरप्लेटची गाडी दिसली की गावातले लोक पडदे सारून बघत. एकाने तर अशा गाडीवर अंडंही फेकलं होतं आणि मग ती गाडी इथल्याच दंतवैद्याच्या मुलाची निघाली. अशा दिवसांत मित्सुयोची स्वतःची लेक, चिनात्सु, टोकियोहून बसमध्ये बसून, आणखी अकरा बायकांसोबत, आपल्याच गावात कुस्ती खेळायला आली होती. मातीतली कुस्ती नव्हे. रिंग, दोर, झगमगते कपडे, तिकीट काढून बघायची कुस्ती.

नऊ वर्षं चिनात्सु हेच करत होती आणि नऊ वर्षांत मित्सुयोने तिची एकही कुस्ती पाहिली नव्हती. पोटची पोर आपटलेली बघायला मी तिकीट काढू का, असं ती पहिल्या वर्षी म्हणून बसली आणि एकदा म्हणाली म्हणून पुढची आठ वर्षं तेच धरून राहिली. अशी हट्टी माणसं आमच्याकडे पुष्कळ, तिला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग ती आज आली कशाला? तर फोनवर ऐकलेल्या एका आवाजामुळे.

त्या फोनवर चिनात्सुने सांगितलं होतं की मानेतली चकती सरकली आहे, उजव्या हाताला मुंग्या येतात, डॉक्टरने तीन महिने रिंगचं नाव काढू नको म्हटलंय. फक्त ही गावची कुस्ती उरकून घेते, सहा महिने कंपनीचा एकही खेळ झालेला नाही, तिकिटं विकली गेलीत, आणि पोस्टरवर चित्र माझंच आहे. हलकं खेळेन, वरून उडी मारणार नाही, असंही ती आपणहून म्हणाली. ही उडी म्हणजे खांबाच्या टोकावर चढायचं, रिंगकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागच्या मागे कोलांटी घेत खाली पडलेल्या बाईच्या अंगावर पोटाने पडायचं. चिनात्सुचं जे काही नाव झालं होतं ते त्या उडीवर झालं होतं. या खेळात जिंकायचं कुणी ते आधीच ठरतं असं लोक म्हणतात, चिनात्सु त्यावर कधी काही बोलत नसे. पण मान कशी पडणार हे कुणी ठरवू शकत नाही, एवढं मित्सुयोलाही कळत होतं.

"नक्की मारणार नाहीस?" तिने विचारलं होतं.

"नाही म्हटलं ना. शपथ घेऊ?"

"घे."

"घेतली. पण तुला काय करायचंय? तू थोडीच येणार आहेस."

"आश्रमाचं माहीत आहे ना तुला. कशी येऊ?"

"बरंच झालं की. नऊ वर्षं कारण शोधत होतीस, आता सरकारनेच दिलं."

तेवढ्यात फोनमध्ये काहीतरी खळकन फुटलं. वाटी निसटली गं हातातून, काही नाही, असं चिनात्सु म्हणाली. महिन्याभरात फोनवर असं काही फुटल्याचं मित्सुयोने तिसऱ्यांदा ऐकलं होतं. त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. आश्रमात एके दिवशी मिसोचं सूप इतकं खारट झालं की एरवी चवीबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या आजोबांनी वाटी परत पाठवली. पोरगी खरं सांगते आहे की उगाच समजूत घालते आहे, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नाही हे तिने ओळखलं आणि शेजारच्या गावात जाऊन तिकीट काढलं.

क्रीडागृहात एक सोडून एक खुर्ची मांडलेली होती. ऑक्टोबरचा रविवार, दुपारचा एक वाजलेला, आणि हवा खेळती राहावी म्हणून दोन्ही बाजूच्या खिडक्या सताड उघड्या. समुद्रावरचं वारं थेट आत येत होतं आणि लोक गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन बसले होते. निवेदक बाईने माइकवर तीनदा बजावलं की ओरडायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही, रंगीत कागदी फिती फेकायच्या नाहीत, हसू आलं तर मास्कच्या आत आवरायचं. फक्त टाळ्यांना परवानगी आहे. भिंतीला टेकून पालिकेचा एक माणूस दंडाला फीत बांधून उभा होता. आवाज झाला तर कंपनीला या प्रांतात पुन्हा जागा मिळणार नाही, असं निवेदक बाई अगदी गोड शब्दांत सांगत होती.

पलीकडच्या खुर्चीवर कावामुकाई नावाचा, शीतगृहात मालाची गाडी चालवणारा माणूस होता. त्याच्या गळ्यात चिनात्सुच्या निळ्या रंगाचा टॉवेल होता. मित्सुयोची चुळबुळ बघून त्याने विचारलं की ताई, पहिल्यांदाच का, आणि उत्तराची वाट न बघता टाळ्यांचं शास्त्र समजावून दिलं. कुणी पडलं की सावकाश ठेका धरायचा, उठायला लागलं की वाढवायचा, पाय आपटले तरी चालतात. आपण चिनात्सुची उडी बघायला आलोय, मार्चमध्ये व्हायचा खेळ होता, तेव्हापासून तिकीट जपून ठेवलंय, असंही त्याने सांगितलं. आज ती उडी मारणार नाही म्हणे, असं मित्सुयोच्या तोंडून निघून गेलं. कोण म्हणालं, असं त्याने विचारल्यावर ती गडबडली आणि कुठंतरी वाचलं म्हणाली. पोस्टरवर तर आहे, असं म्हणून तो समोर बघू लागला.

कुस्त्या सुरू झाल्या आणि मित्सुयोला पहिला धक्का बसला तो आवाजाचा. टीव्हीवर दुसऱ्या कुणाची कुस्ती लागली तरी गर्दीच्या आरडाओरड्यात हे काही ऐकू येत नसे. इथे दीडशे माणसं गप्प बसलेली, त्यामुळे एखादी बाई पाठीवर पडली की खालच्या फळ्या कण्हल्याचं, तिचा श्वास सुटल्याचं, दोर करकरल्याचं सगळं ऐकू येत होतं. दर आपटण्याला मित्सुयो खुर्चीतून उडत होती. हात मांडीखाली घालून बसली, मग बाहेर काढले, मग पर्सची चेन उघडली आणि लावली. पहिल्या दोन कुस्त्यांतल्या चौघी बायका कोण होत्या ते तिला पुढे कधी आठवलं नाही. दर कुस्तीनंतर दोर आणि खांब औषधाच्या फडक्याने पुसायचे, तेव्हा थोडी उसंत मिळे. अशाच एका उसंतीत तिला राहवेना आणि ती उठून दारापाशी गेली. चिठ्ठी परत मागायची, नाव चुकलं म्हणायचं आणि बहिणीचं नाव लिहून द्यायचं, असा तिचा बेत होता.

टेबलावर पेटी नव्हती. चिठ्ठ्या आत नेल्या, रांगेप्रमाणे लावून ठेवाव्या लागतात, असं तिथल्या बाईने सांगितलं.

"कोण लावतं?" मित्सुयोने विचारलं.

"आज माणसं कमी आहेत ना, कुस्तीवाल्याच लावतायत. ज्यांची कुस्ती उशिरा आहे त्या."

या लहान कंपन्यांचं असंच असतं. रिंग ट्रकमधून उतरवायची त्यांनीच, खुर्च्या मांडायच्या त्यांनीच, टॉवेल विकायचे त्यांनीच आणि मग आपटून घ्यायचंही त्यांनीच. सगळ्यात शेवटची कुस्ती कुणाची होती ते पोस्टरवर छापलेलं होतं.  नारुमीबाई, चौदा दिवस, तक्ता, हे सगळं एकदम मागे पडलं. आपण आलोय हे चिनात्सुला कळलंय, एवढं एकच डोक्यात राहिलं. त्याने बरं वाटावं की भीती वाटावी ते मात्र तिला कळेना, आणि न कळल्यामुळे ती आणखीच अस्वस्थ झाली. परत जागेवर येताना एकाच्या पायावर पाय दिला आणि माफी मागायलाही विसरली.

शेवटच्या कुस्तीला चिनात्सु आली. निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. पायऱ्या चढायच्या आधी ती थांबली आणि थेट पाचव्या रांगेतल्या चौदा नंबरकडे बघितलं. टोपीकडे नाही, कोटाकडे नाही, सरळ चष्म्यावरून डोकावणाऱ्या डोळ्यांत. मित्सुयोने मुकाट्याने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. आता लपण्यात काही राम नव्हता.

समोर गोंदो मासुमी होती, चाळिशीची, भरभक्कम, चिनात्सुच्या दुप्पट वर्षं या धंद्यात काढलेली. पहिली पाच मिनिटं सगळं सांगितल्याप्रमाणेच चाललं. हात धरायचे, सोडवायचे, दोरांवर जायचं, परत यायचं. गोंदो तिला पाडताना दर वेळी मानेखाली तळहात धरत होती. मित्सुयोने हे पाहिलं आणि त्या अनोळखी बाईबद्दल तिला इतकी माया दाटून आली की तिने पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. चिनात्सु मात्र मधूनच उजवी मूठ पाठीमागे नेऊन उघडत होती, मिटत होती. लोकांना ते दिसत नसावं. मित्सुयो दुसरं काही बघतच नव्हती.

मग काहीतरी बदललं. चिनात्सुने गोंदोला कानफटात मारली, ती इतकी खरी होती की गोंदोच्या तोंडावरचे भाव क्षणभर बदलले. नंतर ती वेगाने दोरांवर गेली, उलट आली, गोंदोला खांद्यावरून फेकलं, स्वतःही पाठीवर पडली, मानेखाली कुणाचा हात नव्हता. फळ्या वाजल्या. लोकांनी ठेका धरला. गोंदो जमिनीला पाठ टेकून पडून राहिली, हात पसरून, म्हणजे ये आणि दाबून धर आणि संपव. एवढं मित्सुयोलाही समजलं. चिनात्सु तिच्यावर पडलीच नाही. तिने गोंदोला केसांना धरून उठवलं, पुन्हा पाडलं, आणि कोपऱ्याच्या खांबाकडे वळली.

कावामुकाईने टॉवेल दोन्ही हातांत ताणून धरला. टाळ्या वाढल्या, पाय आपटू लागले, सगळं क्रीडागृह एका तालात वाजायला लागलं. पंच चिनात्सुजवळ जाऊन खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला, तिने मान हलवली. खाली पडलेल्या गोंदोने बोटं जमिनीवरून उचलून नको अशी किंचित हलवली. चिनात्सु चढत होती. वरचा दोर तिने उजव्या हाताने धरला आणि हात निसटला. मग तिने हाताकडे बघितलं. दोर कुठे आहे, बोटं कुठे आहेत, ते डोळ्यांनी नीट बघून तिने एकेक बोट दोरावर वळवलं. तान्ह्या बाळाच्या हातात चमचा द्यावा तसं.

 चिनात्सुच्या हाताला काही कळत नव्हतं. पोरगी खोटं बोलली नव्हती, उलट कमीच सांगितलं होतं. आणि आता ती खांबाच्या टोकावर उभी राहिली, रिंगकडे पाठ, तोंड लोकांकडे, म्हणजे नेमकं या पाचव्या रांगेकडे. उडीच्या आधी टाळ्या थांबवायची रीत आहे. सगळे एकदम थांबले. खिडकीच्या तावदानाची खडखड ऐकू येत होती. चिनात्सु आईकडे बघत होती, आणि नऊ वर्षांत न पाहिलेलं ते रिंगमधलं तोंड मित्सुयोला आता स्पष्ट दिसलं. ते खुशीत होतं. पहिला नंबर घेऊन धावत घरी येणाऱ्या पोरीचं असतं तसं. तिला ते बघवेना.

मित्सुयो उठली. आश्रमात लागायच्या आधी वीस वर्षं तिने रविवारच्या बाजारात धक्क्यावर मासे विकले होते, आणि बोटींच्या इंजिनांवर मात करणारा तो आवाज अजून गेलेला नव्हता.

"चिनात्सु, खाली उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

दीडशे माणसं गप्प असताना तो आवाज कसा घुमला असेल याची कल्पना करा. भिंतीला टेकलेला पालिकेचा माणूस ताडकन सरळ झाला. कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली पडली आणि खुर्च्यांखालून घरंगळत गेली. वर उभी असलेली चिनात्सु कानापर्यंत लाल झाली. गुडघे वाकले. मारते आता, असं मित्सुयोला वाटलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा चिनात्सु खांबावर बसली होती. मग तिने एक पाय खालच्या दोरावर टेकवला, दुसरा त्याच्याखालच्या, आणि डाव्या हाताने धरत धरत, तोंड फिरवून, सफरचंदाच्या झाडावरून उतरावं तशी ती उतरली. लोकांना हसायची मनाई होती. रांगाच्या रांगा मान खाली घालून खांदे हलवत होत्या, आणि आवाज न करता हसणारे दीडशे जण बघणं हे खदखदून हसणाऱ्यांपेक्षा वाईट असतं. गोंदो उठली, चिनात्सुला कमरेला धरून अलगद आडवी केली, मानेखाली हात सरकवला आणि तिच्यावर पडली. पंचाने तीन मोजले. घंटा वाजली. टाळ्या आल्या, पण कशासाठी वाजवतोय ते वाजवणाऱ्यांनाही माहीत नसावं.

पालिकेचा माणूस रांगेशी येऊन वाकून म्हणाला की बाहेर चलावं लागेल. मित्सुयो निघाली. गुडघे बाजूला घेताना कावामुकाईने तिच्याकडे बघितलं नाही.

"बांगडे घ्या, ताजे बांगडे. तोच आवाज ना?" तो म्हणाला. "धक्क्यावर मी तुमच्याकडूनच घ्यायचो." आणि मग, रागावून नव्हे, नुसतं सांगावं तसं, "मार्चपासून थांबलो होतो, ताई."

या माणसाची माफी मागायला हवी हे तिला कळत होतं, पण ती दाराकडे चालत राहिली. बाहेर पालिकेच्या माणसाने नाव विचारलं, पत्ता विचारला, कामाचं ठिकाण विचारलं, आणि तिने सगळं खरं सांगितलं. उद्या तो आश्रमात फोन करणार होता. नारुमीबाई आधी थंडपणे ऐकून घेतील आणि मग चौदा दिवसांचा कागद पाठवतील, कदाचित त्यापुढचाही. याचं आपल्याला काहीच कसं वाटत नाही याचं तिला नवल वाटलं. घरी जावं असंही वाटेना. आवाराच्या कुंपणालगत ती इकडून तिकडे येरझारा घालत राहिली. लोक बाहेर पडले, तिच्याकडे बघून कुजबुजत गेले. रिंगचे लोखंडी खांब एकेक करून ट्रकमध्ये चढले. चिनात्सु काही त्या कामात दिसली नाही, तेव्हा मित्सुयोच्या जिवाची आणखी घालमेल झाली.

तासाभराने ती आली. गळ्याभोवती पांढरा पट्टा, त्यावर बर्फाची पिशवी, आणि खांद्यावर गोंदोचा कोट टाकलेला. मित्सुयो दोन पावलं पुढे झाली तशी तिने डावा हात वर करून तिला थांबवलं. मग बसला टेकून तिने फोन काढला. वीस-पंचवीस पावलांवर मित्सुयोची पर्स वाजायला लागली.

"तिथेच थांब," चिनात्सु म्हणाली. "आश्रमात अजून काही ऐकून घ्यायला नको."

"मान कशी आहे?"

"सूज आहे. उद्या टोकियोत दाखवणार." बसवरची पाठ काढून ती सरळ उभी राहिली. "नऊ वर्षांत मला बऱ्याच जणींनी पाडलंय, आई. असं कुणी नव्हतं पाडलं."

"बोल काय बोलायचं ते."

"आई ओरडली म्हणून खांबावरून उतरलेली बाई. उद्यापासून हेच चालणार सगळीकडे. तीन महिन्यांनी परत गेले तरी हेच. आणि कंपनीला इथे परत जागा मिळाली नाही तर तेही माझ्याच नावावर."

"तू शपथ मोडलीस," मित्सुयो म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"मोडली."

"हाताला दोर कळत होता का?"

चिनात्सुने मान फिरवून ट्रककडे बघितलं. "नाही. वर गेल्यावर पायही नीट कळेनात."

"आणि तरी मारणार होतीस."

"मारणार होते."

"का पण? कशासाठी गं? टाळ्यांसाठी?"

"टाळ्यांचं काय, हलकं खेळलो असतो तरी वाजल्याच असत्या. गोंदोताईंचं आणि माझं तसंच ठरलं होतं. दुपारपर्यंत तेच नक्की होतं." बर्फाची पिशवी घसरली, ती तिने हनुवटीने दाबून धरली. "मग कळलं, तू आलीयेस. म्हटलं, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. निदान एकदा तरी बघू दे तिला मी काय करते ते."

 ज्या गोष्टीला घाबरून ती चोरासारखी इथवर आली होती ती गोष्ट तिच्या येण्यानेच घडायला निघाली होती. घरी बसली असती तर पोरगी हलकं खेळून सुखरूप परत गेली असती.

"मी उडी बघायला आलेच नव्हते," ती म्हणाली. "तुझा हात बघायला आले होते. वाटी फुटली ना त्या दिवशी, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता."

 पलीकडे चिनात्सुने फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"हो का," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी कुस्ती बघायला आलीस."

नाही गं, तीही बघायलाच आले होते, असं म्हणता आलं असतं. पण खोटं होतं ते, आणि दोघींनाही ते कळलं असतं.  बसच्या दारातून गोंदोने हाक मारली. चिनात्सुने फोन खिशात टाकला, डाव्या हाताने दांडी पकडली आणि पाय कुठे पडतोय ते खाली बघत बघत पायऱ्या चढून आत गेली.